मधाचं बोट

दसऱ्याला आमच्या घरी पाटीपूजन असायचं. आजी पाटावर दगडी पाटी ठेवायची आणि आम्ही भावंडं तिच्यावर एकाचे आकडे मांडत मांडत सरस्वती उभी करायचो. माझी सरस्वती दरवर्षी एका अंगाला कलायची. धाकट्याची मात्र ताठ, दोन्हीकडे तोलून धरल्यासारखी. एक खोड तेवढी होती. डाव्या बाजूचे सगळे एके तो उलटे काढायचा. उजवीकडचे आणि डावीकडचे एके एकमेकांकडे तोंड करून उभे, मधे आरसा धरावा तसे. ते इतकं देखणं दिसे की आजी काही बोलायची नाही. शाळेत मात्र त्याच उलट्या एकासाठी त्यानं हातावर पट्ट्या खाल्ल्या.

मग दिवाळी यायची आणि किल्ला. साताऱ्याच्या आमच्या वाड्यात चार-पाच किल्ले व्हायचे, पण आळीतली माणसं बघायला यायची ती धाकट्याच्या किल्ल्याला. एके वर्षी आम्ही राजगडावर जाऊन आलो होतो, एकदाच. त्या दिवाळीत त्यानं विटा, गोणपाट आणि लाल मातीतून आख्खा राजगड उठवला. मधे बालेकिल्ला, तीन दिशांना तीन माच्या, संजीवनीचे खाली उतरत गेलेले टप्पे, सुवेळेचं नेढंसुद्धा. समोर ना नकाशा, ना चित्र. सगळं डोक्यातून उतरलेलं. उरल्या होत्या फक्त नावांच्या पताका. दरवर्षी तो म्हणायचा, "ताई, नावं तू लिही." त्या वर्षी मी कशावरून तरी रुसले होते, लिहिली नाहीत. मग त्यानं स्वतः लिहिली. 'सुवेळा'ची 'सुळेवा' झाली, 'संजीवनी'ची 'संजिनवी'. संध्याकाळी वाड्यातल्या मुलांनी त्या पताका मोठमोठ्यानं वाचल्या आणि पोट धरून हसली. रात्री त्यानं त्या एकूण एक उपटल्या आणि बंबात घातल्या. तो तेव्हा सहावीत होता, दुसऱ्यांदा.

शाळेत त्याला 'ढ' म्हणत. या शब्दाची गोष्ट आपल्याकडे सांगतात ती अशी, की ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत येताना बाकीची अक्षरं बदलत गेली, ढ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून जो पुढे सरकत नाही तो ढ. अक्षरांशी ज्याचं वैर, त्याला हाक मारायला आपल्याला अक्षरच सापडलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

हे सगळं पुन्हा वर आलं ते एका अमेरिकन बाईंच्या चित्रपुस्तकामुळे. पुस्तकाचं नाव 'थँक यू, मिस्टर फाल्कर'. १९९८ साली आलेलं. लिहिणाऱ्या आणि चित्रं काढणाऱ्या पॅट्रिशिया पोलाको. मुलांसाठी शंभराहून अधिक पुस्तकं केलेल्या या बाई चौदाव्या वर्षाला टेकेपर्यंत वाचू शकत नव्हत्या.

पोलाकोंचा जन्म ११ जुलै १९४४ चा, मिशिगन राज्यातल्या लॅन्सिंगचा. वडिलांचं कूळ आयरिश, आईचं रशिया-युक्रेनकडून अमेरिकेत आलेलं ज्यू. ती तीन वर्षांची असताना आईवडील वेगळे झाले. पुढे शाळेचं वर्ष आईजवळ आणि उन्हाळ्याची सुटी वडिलांकडे, अशी तिची विभागणी झाली. सुरुवातीची वर्षं मात्र युनियन सिटी नावाच्या लहानशा गावी, आजीच्या शेतावर गेली. आजी म्हणजे तिची 'बाबुश्का'. दोन्हीकडचे लोक गोष्टीवेल्हाळ. घरात टीव्ही नव्हता, चूल होती, आणि चुलीपाशी बसून जुन्या देशातल्या गोष्टी सांगणारी माणसं होती. या मुलीच्या कानांवर भाषेचे संस्कार भरपूर झाले, हे पुढच्या सगळ्या हकिकतीत लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिच्याकडे शब्दांची ददात कधीच नव्हती.

'मिस्टर फाल्कर'ची सुरुवात एका घरगुती विधीनं होते. ट्रिशाला, म्हणजे पुस्तकातल्या छोट्या पॅट्रिशियाला, पाच वर्षं पूर्ण झालीत. सगळं घर जमलंय. आजोबा मधाच्या बरणीत पळी बुडवतात आणि एका लहानशा पुस्तकाच्या वेष्टनावर मधाची धार सोडतात. पोरीनं बोट लावायचं, चाटायचं. मध गोड, तसंच ज्ञानही गोड, पण ते मधमाशीसारखं पानापानांतून पाठलाग करून मिळवावं लागतं, असं घरचे तिला सांगतात. तिच्या आईला, मामांना असंच चाटवलेलं असतं. ज्यू घरांतली ही जुनी चाल. आपल्या पाटीपूजनाची, तांदळात बोट धरून गिरवलेल्या 'श्री'ची ती सख्खी बहीण वाटते मला. अक्षराशी पहिली भेट जिभेनं, बोटानं घडवून आणायची, हे शहाणपण तिथल्याही आज्या-आजोबांना होतं, इथल्याही.

पण मराठीत 'मधाचं बोट लावणं' याचा अर्थ निराळा आहे. गोडाची आशा दाखवायची आणि पुढं झुलवत ठेवायचं. ट्रिशाच्या वाट्याला नेमकं ते आलं. बालवर्गात ती चित्रं काढते, मुलं तिच्याभोवती गोळा होतात. पहिलीत धडा उघडल्यावर तिला दिसतात नुसत्या वळवळणाऱ्या आकृत्या. इतर मुलं वाचायला लागतात, ती लागत नाही. आकडेही दाद देत नाहीत. एकावर एक रचलेले डळमळीत ठोकळे असावेत, आत्ता कोसळतील, तसे ते तिला वाटतात. अशातच आजी जाते, मग आजोबा जातात. प्रत्यक्षात बाबुश्का गेली १९४९ मध्ये. त्यानंतर आई, भाऊ आणि ती आधी फ्लोरिडाला आणि मग कॅलिफोर्नियात ओकलंडला गेले. नव्या गावची नवी शाळा, आणि तिथं जुनंच हसं. पुस्तकात एरिक नावाचा एक मुलगा आहे, तो तिचा पिच्छाच पुरवतो. मधल्या सुटीत ती जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत लपून बसायला लागते.

आणि तरी ती वरच्या वर्गात जात राहते. कशी? शेजारचं मूल वाचतं ते ऐकून पाठ करायचं. आपली पाळी आली की अडखळायचं, बाई दया येऊन शब्द सुचवतात, तो लगेच उच्चारायचा. वर्गातला प्रत्येक चेहरा, प्रत्येक सूर वाचायचा. एक अक्षर वाचायचं नाही, एवढंच. इतकी मेहनत वाचता येणारं मूल कधी करत नाही. धाकटाही असंच करायचा हे मला फार उशिरा कळलं. इतिहासाचा धडा मी मोठ्यानं वाचत असले की तो शेजारी काहीतरी कोरत बसायचा. आम्हाला वाटे, याचं लक्ष नाही. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षेत तो तोच धडा माझ्याच आवाजाच्या चढउतारासकट म्हणून दाखवायचा.

मग वर्गात नवे मास्तर येतात. उंच, नीटनेटके, कुणाला जवळचं न मानणारे, कुणाला लांबचं न ठेवणारे. ट्रिशाच्या खांद्यावरून वाकून ते तिची चित्रं बघतात आणि मनापासून दाद देतात. पुढचा प्रसंग मी किती वेळा वाचला असेल सांगता येत नाही. शाळा सुटलीय. मास्तरांना फळा धुवायला मदत करायला ट्रिशा थांबलीय. बादलीत स्पंज. धुता धुता मास्तर सहज सुचल्यासारखा खेळ काढतात. ओल्या स्पंजानं फळ्यावर अक्षरं काढायची, मग आकडे. ट्रिशा काढते. हात कुठून सुरू व्हायला हवा आणि कुठून होतोय, वरून का खालून, डावीकडून का उजवीकडून, हे मास्तर बघत राहतात. वहीत नुसतं उत्तर दिसतं, फळ्यावर हाताची चाल दिसते. त्या चालीवरून त्यांना उमगतं की या मुलीला वाचता येत नाही, कधीच आलेलं नाही. तिची गाळण उडते. मास्तर रागावत नाहीत. तुला वाटतं तू मठ्ठ आहेस, पण इतक्या चांगल्या शिक्षकांना इतकी वर्षं चकवायला किती हुशारी लागली असेल, असा त्यांच्या बोलण्याचा रोख असतो. तू वाचशील, असा शब्द ते देतात.

या पुस्तकावर लोक बोलतात तेव्हा इथंच थांबतात. मास्तर किती मायाळू! डोळे पुसतात आणि पुस्तक मिटतात. मला पुढची दोन-तीन पानं जास्त मोलाची वाटतात. कारण दुसऱ्या दिवसापासून मास्तर मिस प्लेसी नावाच्या वाचन शिकवणाऱ्या शिक्षिकेला बरोबर घेतात. शाळा सुटल्यावर, जवळजवळ रोज, महिनोन्महिने काम चालतं. वाळूत गोल गिरवायचे. फळ्यावर स्पंजानं मोठेच्या मोठे गोल काढायचे, डावीकडून उजवीकडं, डावीकडून उजवीकडं. पडद्यावर अक्षर दाखवलं की ते मोठ्यानं म्हणायचं. लाकडी ठोकळे जुळवून शब्द बांधायचा. ज्या मुलीचा हात चित्रात चालतो, तिच्या हाताला धरूनच डोळ्याला अक्षर शिकवलं गेलं. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन हे मेंदूचे डॉक्टर आणि ॲना गिलिंगहॅम या शिक्षिका यांनी १९३० च्या दशकात हीच वाट आखली होती. डोळा, कान, तोंड आणि हात या सगळ्यांनी एकाच वेळी एकच अक्षर शिकायचं, क्रमानं, पुन्हा पुन्हा, मागचं पक्कं झाल्याशिवाय पुढचं नाही. फळ्याजवळ मायेनं शब्द दिला गेला, पण तो पाळला गेला तो या कंटाळवाण्या, चिकाटीच्या कामानं.

खऱ्या आयुष्यात या मास्तरांचं नाव जॉर्ज फेल्कर. पुस्तकातली ट्रिशा पाचवीत आहे. खरी पॅट्रिशिया त्याहून मोठी, जवळजवळ चौदाची होती. वाचनाबरोबर लिहिणं आणि आकडेमोड या दोन्हींतही तिला तीच अडचण होती.

चौदा. या आकड्यापाशी मी अडकले, कारण तो आणखी एका जुन्या कागदात भेटतो. ७ नोव्हेंबर १८९६ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी पर्सी नावाच्या मुलाची हकिकत छापली. वय चौदा. चुणचुणीत, खेळात पटाईत, हिशेबात चांगला. वाचता मात्र येत नाही. स्वतःचं नाव लिहिताना 'पर्सी'मधली दोन अक्षरं एकमेकांच्या जागी टाकतो आणि दाखवून दिलं तरी चटकन त्याच्या ध्यानात येत नाही. त्याच्या मास्तरांचं म्हणणं होतं, सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. 'डिस्लेक्सिया' हा शब्द त्याआधी नऊ वर्षं, १८८७ मध्ये, रूडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्यानं घडवला होता. म्हणजे फेल्कर मास्तरांच्या फळ्यापर्यंत पोहोचायला या माहितीला साठएक वर्षं लागली. साताऱ्यातल्या आमच्या शाळेत ती धाकटा शाळेतून बाहेर पडेपर्यंत पोहोचली नव्हती.

मुलांना अक्षरं उलटी दिसतात, एवढंच डिस्लेक्सियाबद्दल बहुतेकांना ठाऊक असतं. त्यात गल्लत आहे. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच. गाय इकडं तोंड करून उभी असो की तिकडं, गाय तीच. माणसाचा डोळा हजारो वर्षं हे शिकत आला आणि ते फार उपयोगी आहे. अक्षरांच्या बाबतीत मात्र हेच शिकलेलं विसरावं लागतं, कारण इंग्रजीतला 'बी' फिरवला की 'डी' होतो. म्हणून सुरुवातीला अक्षरं आणि आकडे उलटे काढणं सगळ्याच मुलांत आढळतं, बहुतेकांचं ते सातव्या-आठव्या वर्षापर्यंत सरतं. धाकट्याचे उलटे एके हा त्या डोळ्याचाच साधा, प्रामाणिक हिशेब होता. डिस्लेक्सियाची खरी मेख कानाकडे आहे. बोललेल्या शब्दाचे सुटे आवाज वेगळे करणं आणि प्रत्येक आवाजाला त्याची खूण चटकन जोडणं, हा दुवा या मुलांच्यात कच्चा असतो. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. पुष्कळदा तो घराण्यातून आलेला असतो.

आपली लिपी बोलतो तशी लिहिली जाते, म्हणून मराठीत ही अडचण नसावी असा एक समज आहे. मीही तो बाळगला होता. मग एका संध्याकाळी 'किती' हा शब्द कागदावर काढून बघितला. आवाज आधी 'क'चा, मग 'इ'चा. पण पहिली वेलांटी 'क'च्या आधी बसते! कान म्हणतो एक क्रम, डोळा म्हणतो दुसरा. 'सूर्य'मधला 'र' उच्चारात 'य'च्या आधी येतो आणि कागदावर 'य'च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. 'प्रकाश'मध्ये तोच 'र' पायाशी तिरकी रेघ होतो, 'ट्रक'मध्ये खाली दोन पायांचा होतो, 'दुसऱ्या'मध्ये आणखी वेगळा. एका र ची ही एवढी सोंगं. त्यात घ आणि ध, भ आणि म, प आणि ष, थ आणि य यांची तोंडं एकमेकांत मिसळणारी. आकड्यांत तर आपण 'सत्तावीस' म्हणतो, सात आधी, वीस नंतर, आणि लिहितो २७. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' दिलं तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला. भाषा बिघडेल म्हणून टीका करणाऱ्यांत मीही होते. आज मी तसं बोलणार नाही. जी मुलं या उलटापालटीत रोज ठेचकाळतात, त्यांच्या बाजूनं मी तेव्हा क्षणभरही विचार केला नव्हता.

पोलाकोंची पुढची वाट सरळ नव्हती. वाचता येऊ लागलं, तरी वेग आला नाही. डिस्लेक्सिया बरा होत नाही, त्याच्याबरोबर राहायला शिकावं लागतं. हायस्कुलातल्या दिवसांवर त्यांनी २०१२ मध्ये 'द आर्ट ऑफ मिस च्यू' हे पुस्तक केलं. त्यात एक शिक्षक तिला परीक्षेला हवा तेवढा जादा वेळ देतात आणि ती पास होते. चित्रकलेच्या मिस च्यू तिला आधी बघायला शिकवतात. वस्तू बघ, तशी वस्तूंच्या मधली मोकळी जागाही बघ. याच बाईंच्या लक्षात येतं की ही मुलगी अक्षराचा काळा आकार सोडून भोवतालचा पांढरा आकार बघतेय. मला हे वाचून काटा आला. 'लक्ष दे, नीट बघ' म्हणून जिला इतकी वर्षं सगळे रागावत होते, ती सगळ्यांपेक्षा जास्त बघत होती.

पुढे त्यांनी चित्रकला शिकून घेतली, काही वर्षं ऑस्ट्रेलियात मेलबर्नला शिकल्या आणि रशियन व ग्रीक धर्मचित्रांचा इतिहास हा अभ्यासाचा विषय घेऊन कलेच्या इतिहासात डॉक्टरेट मिळवली. जी मुलगी पहिलीचा धडा वाचू शकत नव्हती, तिनं प्रबंध लिहिला. लग्न, दोन मुलं, संसार. मुलांसाठी पुस्तकं करायला लागल्या तेव्हा वय एक्केचाळीस. आईनं पैसे दिले म्हणून न्यूयॉर्कला जाता आलं, आणि मायलेकींनी चित्रांचं भलंमोठं बाड घेऊन एका आठवड्यात सोळा प्रकाशकांचे उंबरे झिजवले. पहिलं पुस्तक 'मीटिअर!' १९८७ चं. मिशिगनच्या शेतात पडलेल्या उल्केची घरातली गोष्ट. त्यानंतर पुस्तकांची रांग लागली.

त्यातलं 'द कीपिंग क्विल्ट' मराठी वाचकानं बघावंच असं आहे. क्विल्ट म्हणजे आपली गोधडी. रशियातून आलेल्या ॲना पणजीचा तोकडा झालेला झगा, डोक्याचा रुमाल आणि नातलगांचे जुने कपडे यांतून शिवलेली ही गोधडी पिढ्यानपिढ्या घरात फिरते. कधी टेबलावर, कधी लग्नात डोक्यावर धरलेला मांडव म्हणून, कधी नव्या बाळाचं दुपटं म्हणून. सगळी माणसं नुसत्या पेन्सिलीत आहेत. रंग फक्त ॲनाच्या झग्याला, रुमालाला आणि त्यांतून झालेल्या गोधडीला. पान उलटलं की डोळा आपोआप तिच्याकडेच जातो, आणि एक शब्दही न वाचता घराण्याची चार पिढ्यांची गोष्ट कळते. वाचता न येणाऱ्या मुलालाही कळेल असंच हे पुस्तक रचलेलं आहे, हे कोण करू शकेल? ज्यानं पुस्तकात फक्त चित्रंच वाचण्यात वर्षं काढली, तोच.

आणखी एक पुस्तक, 'द जंकयार्ड वंडर्स', २०१० चं. वेगळ्या काढलेल्या मुलांच्या वर्गाला शाळा 'भंगार' म्हणते. त्या वर्गाच्या बाई मुलांना घेऊन खरोखरच भंगाराच्या अड्ड्यावर जातात आणि मिळेल त्यातून काहीतरी नवं उभं करायला लावतात. पोलाको अशा एका वर्गात स्वतः बसलेल्या आहेत. आज त्या पुन्हा युनियन सिटीत राहतात. त्यांच्या घरभर झुलत्या खुर्च्या आहेत, कारण झुलता झुलताच त्यांना गोष्टी दिसतात, असं त्या सांगतात.

अशा त्या एकट्या नाहीत. इंग्लंडच्या सॅली गार्डनर यांना शाळेनं 'हिला शिकवणं अशक्य' ठरवलं होतं. त्या वाचायला लागल्या, पुन्हा तेच, चौदाव्या वर्षी. मूळ नाव सेरा, पण त्याचं स्पेलिंग जमेना म्हणून सॅली झाल्या. आधी नाटकांचं नेपथ्य केलं, मग चित्रं, मग लेखन. 'मॅगट मून' या कादंबरीला २०१३ चं कार्नेगी पदक मिळालं. तिचा नायक स्टँडिश ट्रेडवेल यालाही वाचता-लिहिता येत नाही. आणि डेव्ह पिल्की, ज्यांच्या 'डॉग मॅन'नं आणि 'कॅप्टन अंडरपँट्स'नं जगभरच्या पुस्तक न उघडणाऱ्या पोरांना पुस्तकं उघडायला लावली. डिस्लेक्सिया आणि जोडीला जागेवर न टिकणारं लक्ष. त्यांचं बाक वर्गाबाहेर, व्हरांड्यात ठेवलेलं असे. तिथं बसून दुसरीतल्या या मुलानं कागद स्टेपल करून चित्रकथा बनवल्या. त्याच्या बाईंनी त्या फाडल्या आणि असली पुस्तकं करत आयुष्य काढता येणार नाही म्हणून सुनावलं.

आपल्याकडे काय? २००७ च्या 'तारे जमीन पर'नं मोठं काम केलं यात शंका नाही. अमोल गुप्ते यांनी लिहिलेल्या त्या चित्रपटातले निकुंभ सर हे आपले फाल्कर मास्तर. ईशानला वाळूत, रंगांत, मातीत अक्षर गिरवायला लावताना ते दिसतात. पण महाराष्ट्रानं त्याच्याही आधी पाऊल उचललं होतं. १९९६ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देणारं हे देशातलं पहिलं राज्य. पंचवीस टक्के जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, गरज असेल त्याला लेखनिक, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तपासणी होऊ लागली. २०१५ मध्ये मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 'डाली' ही चाचणी आणली, तीत हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही आहे, म्हणजे मराठी शाळेतल्या मुलाला त्याच्या भाषेत तपासता येतं. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं एकवीस प्रकारांच्या यादीत याला जागा दिली.

माझी तक्रार पुढे आहे. प्रमाणपत्राची धावपळ सुरू होते नववी-दहावीच्या तोंडावर, गुणांसाठी. पालकांना दोष देत नाही, दहावी हा आपल्याकडे सगळ्या घराचाच प्रसंग असतो. पण जादा वेळ मिळाला म्हणून न शिकवलेलं वाचन तीन तासांत येत नाही. मूल सात-आठ वर्षांचं असताना त्याच्या हाताला धरून अक्षर शिकवणारी मिस प्लेसी किती मराठी शाळांत आहे? सवलत हवीच, पण एवढ्यावर भागवणं म्हणजे पुन्हा तेच, मधाचं बोट.

ते काम कसं असतं, ते मी गेल्या पावसाळ्यात पुण्यात बघितलं. एका बाईंचं राहतं घर, पुढच्या खोलीत वर्ग. तिसरीतली एक मुलगी, समोर स्टीलच्या ताटात रवा. घ आणि ध मधे तिची नेहमीची गफलत. बाईंनी तिचं बोट धरून रव्यात घ काढला, वरची रेघ सलग ओढली. "हे घर. छप्पर पुरं आहे ना?" मग ध काढला, वरची रेघ मधेच तोडून. "याचं छप्पर बघ." मुलगी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "फाटलंय. पाऊस आत येणार." "कसा येणार?" "धो धो!" आणि तिनं ध च्या तुटक्या छपरातून दोन्ही हातांच्या बोटांनी रव्यात पाऊस पाडला, सगळं ताट विस्कटून टाकलं. बाईंनी ताट हलवून रवा सपाट केला आणि म्हणाल्या, "पुन्हा." तासाभरात सतरा वेळा घ आणि ध झाले. मी मोजले. अठराव्या वेळी बोट न धरता.

फेल्कर मास्तर पोलाकोंना तीसएक वर्षांनी एका लग्नात भेटले. त्यांनी आधी ओळखलं नाही. मग तिनं आपण कोण ते सांगितलं. तू आता काय करतेस, असं त्यांनी विचारलं. मी मुलांसाठी पुस्तकं करते, असं तिनं सांगितलं.

धाकटा आता पुण्यात वास्तुविशारदांसाठी इमारतींची मॉडेल्स बनवतो. वाचतो, पण रेंगाळत, ओठ हलवत. गेल्या दिवाळीत तो सहकुटुंब आला होता. पोरांनी अंगणात किल्ला केला होता आणि तो त्यांना तटाचा बुरुज कसा फिरवायचा ते दाखवून आत आला, हाताला माती तशीच. मी 'मिस्टर फाल्कर' त्याच्यासमोर ठेवलं, काही न सांगता. त्यानं हात पुसले. मजकुराकडे न बघता तो पानं उलटत गेला, चित्रं बघत. मधावर थांबला, हसला. पुढे जिन्याखाली लपलेल्या मुलीपाशी आला आणि त्याचं बोट त्या अंधारावर टेकलं ते उठेचना.

"ताई," तो म्हणाला, "मी टाकीमागे बसायचो. शाळेच्या मागं ती पाण्याची सिमेंटची टाकी होती ना, तिच्यामागे. मधल्या सुटीत. रोज."

त्याच शाळेत मी दोन वर्ग पुढे होते. मधल्या सुटीत त्याच टाकीच्या नळावर पाणी प्यायला जायचे.

त्यानं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "वाच पुढे," तो म्हणाला. "मराठीत सांगत सांगत वाच. सावकाश."